कॅनडाच्या पीआरची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) फाइल ‘बॅकग्राउंड चेक’वर अडकली आहे, तोवर घर कसं चालवायचं?

दापोली तालुक्यातल्या एका स्टाफ नर्सने विचारलं आहे. मजकूर थोडक्यात असा: २०२३ साली कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत (कुशल लोकांना पीआरसाठी निवडायच्या योजनेत) आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी वेगळी निवड निघाली, त्यात त्यांना आमंत्रण आलं. अर्ज गेला, फी गेली, बोटांचे ठसे झाले, मुंबईला जाऊन तिघांचं मेडिकल झालं. सहा महिन्यांत निकाल लागतो असं ऐकलं होतं. आता दोन वर्षं उलटली तरी अर्जाच्या ऑनलाइन खात्यात ‘बॅकग्राउंड चेक सुरू आहे’ एवढंच दिसतं. मिस्टर मर्चंट नेव्हीत फिटर आहेत. व्हिसा केव्हाही येईल म्हणून त्यांनी लागोपाठ दोन जॉइनिंग नाकारली. मुलगी नववीत आहे. सासूबाईंना आता बाग झेपत नाही, म्हणून आंब्याची कलमं दहा वर्षांच्या कराराने द्यायची बोलणी चालू आहेत. मेडिकलची मुदत संपली, आयईएलटीएसची (इंग्रजीच्या परीक्षेची) संपली, पुन्हा करू का? मुंबईचा एक एजंट ८० हजारांत फाइल ‘हलवून’ देतो म्हणतो, देऊ का? आणि गणपतीत घरी येणारा प्रत्येक जण ‘कधी निघताय?’ विचारतो, त्याला काय सांगू?

सिस्टर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा घोळ तिथूनच झालेला दिसतो. लोकांना ‘अर्ज चालू आहे’ एवढंच सांगा. महिना सांगू नका. आधी ‘दिवाळीनंतर’ सांगितलं असेल, मग ‘शिमग्याच्या आसपास’. दहा जणांना सांगून सांगून तो महिना आपल्यालाच खरा वाटायला लागतो, आणि मग त्याच्या भरवशावर बोट नाकारली जाते, बाग करारावर जाते. तुम्हाला तारीख कोणीही दिलेली नाही. घरातले सगळे निर्णय मात्र तारीख मिळाल्यासारखे चालले आहेत. फाइलीपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

ते सहा महिने म्हणजे काय ते आधी बघू. एक्स्प्रेस एन्ट्री जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. सहा महिने हा तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्वतःच्या कामाला लावून घेतलेला मापदंड आहे: शंभरातले ८० अर्ज तेवढ्या वेळात निकाली काढायचे. उरलेले २० किती दिवसांत, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तुम्ही त्या विसांत आहात. त्यात भर म्हणून कॅनडाने पीआर द्यायच्या लोकांची संख्याही खाली आणली. २०२५ साठी ५ लाखांचं लक्ष्य होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ लाख ९५ हजार केलं. पण तुमच्या फाइलीचं दुखणं हे नसावं. ते कुठे आहे याचा मला अंदाज आहे, पुढे सांगतो.

उशीर दोन जातींचा असतो, आणि आपला कोणता हे ओळखल्याशिवाय धावपळ करण्यात अर्थ नसतो. एक जात कोट्याची. अमेरिकेतल्या भावाने इथल्या बहिणीसाठी घातलेली फाइल घ्या. त्या गटाला सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५ हजार व्हिसा, शिवाय कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतातल्या लोकांची पाळी २०२५ सालीही २००६ मध्ये घातलेल्या फाइलींपाशीच घुटमळत होती. ज्या पोराला कडेवर घेऊन आईबापांनी फाइल केली, त्याला नंबर येईपर्यंत मिसरूड फुटून लग्नसुद्धा झालेलं असतं; आणि लग्न झालं किंवा २१ पुरी झाली की तो त्या फाइलीत बसत नाही. (वयातून काही काळ वजा करायची सोय २००२ च्या कायद्याने आहे, पण ती सगळ्यांना पुरत नाही.) तिथे पाळी कुठवर आली ते सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघायचं, पत्ता बदलला तर कळवायचं, आणि नंबर लागल्याचं पत्र आल्यावर वर्षभर गप्प बसायचं नाही, नाहीतर नोंदणीच रद्द होऊ शकते. बाकी हातात काही नसतं.

तुमची जात दुसरी. तुमचा नंबर लागलेला आहे, फाइल कोणाच्या तरी टेबलावर आहे आणि कशासाठी तरी थांबली आहे. इथे करण्यासारखं असतं. पण आधी ती कशासाठी थांबली ते कळायला हवं, आणि खात्यातल्या त्या एका ओळीवरून ते कधीच कळत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: फाइलीतल्या नोंदी मागवा. यांना सगळे ‘जीसीएमएस नोट्स’ म्हणतात (जीसीएमएस ही त्या खात्याची संगणकप्रणाली). पूर्वी कॅनडात राहणाऱ्या कोणाच्या तरी नावाने माहिती-अधिकाराचा अर्ज करावा लागायचा आणि ५ डॉलर भरावे लागायचे. जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरच्या माणसालाही तिथल्या प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःची माहिती थेट आणि फुकट मागता येते. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ते वाढवूनही घेतात. मिळालेली पानं पहिल्यांदा बघाल तर डोकं फिरेल: सगळे संक्षेप, मधले मजकूर काळ्या पट्ट्यांनी झाकलेले. तुम्ही चारच गोष्टी शोधा. एलिजिबिलिटी, मेडिकल, क्रिमिनॅलिटी आणि सिक्युरिटी यांच्यासमोर काय लिहिलंय आणि शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे. पहिल्या तीन पुढे ‘पास्ड’ आणि सिक्युरिटीपुढे ‘इन प्रोग्रेस’ असेल तर फाइल इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याच्या हातात नाही. तो सीमासेवा आणि गुप्तचर खात्याकडून उत्तर यायची वाट बघतो आहे.

मला तसंच असेल असं वाटतं, आणि त्याचं कारण मिस्टर. त्यांनी काही केलंय म्हणून नव्हे, ते बोटीवर आहेत म्हणून. दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोटीवरच्या माणसांच्या फाइली बघत आलो आहे, आणि त्या लांबतात. गेल्या दहा वर्षांत तुम्ही कुठे होता, काय करत होता, हे फॉर्ममध्ये महिन्याचीही फट न ठेवता सांगायचं असतं. रुग्णालयात काम करणाऱ्या बाईचं ते चार ओळींत होतं. खलाशाचं आयुष्य असं बसत नाही. बहुतेक जण ‘२०१४ ते २०२३, मर्चंट नेव्ही’ अशी एक ओळ टाकून मोकळे होतात. एजंटनेही तेच केलेलं असतं. आता पडताळणी करणाऱ्याच्या जागी बसून बघा: नऊ वर्षं हा माणूस समुद्रावर होता, बंदरं कुठली माहीत नाही, कंपन्या किती माहीत नाही, मधे घरी किती होता तेही माहीत नाही.

तेव्हा एक रविवार काढा. मिस्टरांची सीडीसी (खलाशाचं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) घ्या, जुनी रद्द झालेली असेल तर तीही, आणि सगळे पासपोर्ट. मोठ्या कागदावर रकाने आखा: बोटीचं नाव, कंपनी, झेंडा कुठल्या देशाचा, साइन ऑनची (बोटीवर चढल्याची) तारीख आणि बंदर, साइन ऑफची (उतरल्याची) तारीख आणि बंदर. आणि त्याच्याखाली, हे लोक विसरतात, दोन बोटींच्या मधला काळ: ‘घरी, मु. पो. अमुक, ता. दापोली, कामाविना, पुढच्या जॉइनिंगची वाट’. सीडीसीतले शिक्के पुसट असतात. कुठे ८ आहे की ३ ते उजेडात धरूनही कळत नाही. तिथे कंपनीचं सी-सर्व्हिस लेटर (बोटीवरच्या नोकरीचं पत्र) काढा, किंवा पासपोर्टवरचा मुंबई विमानतळाचा शिक्का जुळवा. तारखा साइन ऑफशी एखाद्या दिवसाने पुढेमागे होतील, ते चालतं. महिन्याचा फरक पडला तर तो का पडला ते लिहून ठेवा. एखाद्या देशात जमिनीवर सलग सहा महिने राहणं झालं असेल, दुबईला ड्रायडॉकमध्ये (बोट दुरुस्तीच्या गोदीत) वगैरे, तर तिथला पोलीस दाखला लागेल. आखातातून परतलेल्या माणसाला इथे बसून तो काढायला बराच घाम गाळावा लागतो, म्हणून त्याची चौकशी आजच सुरू करा.

तक्ता तयार झाला की मूळ अर्जात काय लिहिलं होतं त्याच्याशी ताडून बघा. फरक निघाला तर घाबरून दडवू नका, स्वतःहून कळवा. चुकीची माहिती दिल्याचा ठपका आला तर पाच वर्षांची बंदी असते. आपण होऊन दुरुस्त केलेल्या तारखेकडे मात्र अधिकारी सहसा दुरुस्ती म्हणूनच बघतो. नावांचंही एकदा बघून घ्या. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर घाडी आणि पासपोर्टवर घाडीगावकर, किंवा लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, हे घरोघरी असतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि गॅझेट असेल तर ते, जोडलेलं नसेल तर आता जोडा. चिपळूण, खेडकडच्या ज्यांचे मूळ कागद २२ जुलै २०२१ च्या पुरात गेले, त्यांनी दुय्यम प्रती मागवून त्यांचं स्कॅनिंग आधीच करून ठेवावं. कॅनडाने कागद मागितला की बहुधा ३० दिवस मिळतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंचायतीतून जन्मनोंद काढायला तेवढे कधी कधी पुरत नाहीत.

हे सगळं पाठवायचं ते इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवरच्या वेब फॉर्ममधून. तिथे लोक कहाणी लिहितात: आम्ही किती थकलो, मुलीच्या शिक्षणाचं नुकसान होतंय. सगळं खरं असतं, पण वाचणाऱ्याला त्यात करण्यासारखं काही सापडत नाही. तुमचा मजकूर असा ठेवा: “अर्ज क्रमांक अमुक. पूर्ण अर्ज अमुक तारखेला मिळाल्याची पोच आहे. मेडिकलची मुदत अमुक तारखेला संपली; नव्याने करण्याची सूचना आल्यास लगेच करू. पतीच्या जहाजांवरील नोकरीचा तारीखवार तक्ता, सीडीसीची पानं आणि कंपनीची पत्रं सोबत जोडली आहेत. पडताळणीसाठी आणखी काही लागत असल्यास कळवावे.” एवढंच. आणि हे एकदा पाठवलं की दर आठवड्याला पुन्हा पाठवू नका. उत्तर म्हणून फक्त छापील वाक्य येत राहील. नवीन काही घडलं की लिहा: पासपोर्ट नवा झाला, पत्ता बदलला, नोकरी बदलली. घरात मूल जन्माला आलं तर ते त्याच आठवड्यात कळवा. न कळवलेल्या मुलाला पुढे कुटुंबाच्या गटातून नेणं फार कठीण होऊन बसतं.

आता मुदती. इथे लोक फुकटचा पैसा घालवतात. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं आणि पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं चालतं हे खरं, पण ते अर्ज दाखल करायच्या दिवशी चालू असलं की झालं. नंतर संपलं तर संपू दे. पीआरसाठी पुन्हा परीक्षा देऊ नका. मेडिकलचं वेगळं आहे. ते १२ महिनेच चालतं आणि व्हिसा देताना चालू लागतं, तरीही सूचना येईपर्यंत स्वतःहून करू नका. आज केलं आणि फाइल आणखी वर्षभर थांबली तर तेही वाया. पोलीस दाखल्याचंही तसंच, मागतील तेव्हा. २०२२ पासून त्याचा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही करता येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पासपोर्ट मात्र संपायला आला असेल तर कोणी सांगायची वाट न बघता नवा करा. मुलीच्या वयाची काळजी सोडा: पूर्ण अर्ज मिळाला त्या तारखेला तिचं वय गोठलेलं आहे, आणि मर्यादा २२ च्या आतली आहे.

एक मुदत कोणी सांगत नाही, ती पैशांची. तुमच्या गटात तिघांच्या कुटुंबासाठी ठरवलेली रक्कम अर्जाच्या दिवशी दाखवली तशी व्हिसा देतानाही खात्यात लागते, आणि तो आकडा दर वर्षी बदलतो. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही येते. उसने पैसे चालत नाहीत. घर, जमीन, कलमं यांची किंमत धरत नाहीत. आता मिस्टरांनी जॉइनिंग नाकारल्याचं बघा. दीड-दोन वर्षं घरात त्यांचा पगार नाही, म्हणजे ज्या व्हिसासाठी ते घरी बसले त्याच व्हिसाला लागणारी शिल्लक तुम्ही खर्चाला काढता आहात. त्यांना पुढचं जॉइनिंग घेऊ दे.

बोटीवर असताना बोलावणं आलं तर? आलं तर आलं. मुख्य अर्जदार तुम्ही आहात. मेडिकलची सूचना आली तर त्यांचं कंत्राट जोडून वेब फॉर्ममधून मुदत वाढवून मागा. साइन ऑफची तारीख कागदावर असली की बहुतेक वेळा देतात. पासपोर्ट मागवला आणि त्यांचा कॅप्टनच्या तिजोरीत असला तरी हाच मार्ग. कॅनडात पहिलं पाऊल तुमचं पडावं लागतं, किंवा सोबत. ते मागून आले तरी चालतं, फक्त कागदावरच्या शेवटच्या तारखेच्या आत. ते बोटीवर जायच्या आधी तुमच्या ईमेलचा पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत असू दे. पावसात तुमच्याकडे रेंज जाते, आणि महत्त्वाची पत्रं स्पॅममध्ये जाऊन पडतात.

एजंटला पैसे देऊ नका. सिक्युरिटीची तपासणी बाहेरचा कोणीही हलवू शकत नाही. कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन सल्ला देण्याचा आणि प्रतिनिधित्व करण्याचा हक्क तिथल्या वकील संघटनांच्या सभासदांना (वकील आणि पॅरालीगल), क्वेबेकच्या नोटरींना आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या (म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेच्या) सभासदांनाच आहे, आणि त्या कॉलेजची यादी इंटरनेटवर उघडी आहे. त्याला विचारा, तुझा सभासद क्रमांक काय. फोन बहुतेक तिथेच कटेल.

फुकटचा एक मार्ग आहे. कॅनडात तुमचं कोणी नात्यातलं असेल तर त्यांनी आपल्या भागातल्या खासदाराच्या कचेरीत जावं. तिथे हेच काम करणारी माणसं असतात, ती खात्याला विचारतात आणि निदान फाइल कुठल्या टेबलावर आहे ते कळतं. तुमची लेखी संमती लागते.

हेही करून नोट्समध्ये हालचाल दिसली नाही तर शेवटी कोर्ट. फेडरल कोर्टाकडून खात्याला ‘निर्णय घ्या’ असा आदेश मागता येतो, त्याला मँडेमस म्हणतात. १९९८ च्या कॉनिय खटल्यापासून कोर्ट साधारण तीन गोष्टी बघतं: या कामाला स्वाभाविकपणे लागतो त्यापेक्षा जास्त वेळ गेला का, उशिराला अर्जदार जबाबदार आहे का, आणि खात्याने पटेल असं कारण दिलं का. दुसऱ्या मुद्द्यासाठी तुमचा तो तक्ता आणि तारखेसह पाठवलेले वेब फॉर्म कामाला येतात. कोर्टाची फी ५० डॉलर, खरा खर्च वकिलाचा. ‘पीआर द्या’ असं कोर्ट सांगत नाही, ‘ठरवा’ एवढंच सांगतं. पुष्कळदा वकिलाची नोटीस गेल्यावरच फाइल सरकते. पण नोट्स हातात नसताना, तक्ता न पाठवता त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या स्वतःच्या कामाचं सांगतो. पीआर मिळाला म्हणून तिथे नर्स म्हणून उभं राहता येत नाही, नोंदणी लागते. त्याचे कागद पडताळून घ्यायला नर्सिंग कॉलेज आणि कौन्सिलच्या चकरा असतात, आणि २०१५ पासून तिथे एनसीएलईएक्स-आरएन ही नर्सेसच्या नोंदणीची परीक्षा आहे. नोव्हा स्कॉशिया या प्रांताने २०२३ मध्ये भारतासह सात देशांतल्या नोंदणीकृत नर्सेससाठी वाट सोपी केली. हा अभ्यास आत्ता, दापोलीत बसून होतो. आयईएलटीएस पुन्हा द्यायची वेळ आलीच तर ती या नोंदणीसाठी येईल. नोकरीचा राजीनामा पासपोर्टवर व्हिसा लागल्याशिवाय देऊ नका. मुलीला दहावीचा फॉर्म इथलाच भरायला लावा. मधेच निघालात तर तिथली शाळा तिला घेईल.

राहिली बाग. दहा वर्षांचा करार सासूबाईंच्या गळी उतरवू नका. लांबच्या करारात घेणारा कल्टारचा (मोहोर आणणाऱ्या औषधाचा) मारा करून झाडं पिळून काढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि दहा वर्षांचे पैसे एकदम खात्यात आले तर ते कुठून आले याचा खुलासा बँकेच्या पत्रासोबत द्यावा लागेल. एका हंगामापुरती द्या, फवारणी कोणाची आणि राखण कोणाची ते कागदावर घ्या. पुढच्या वर्षी इथेच असाल तर पुन्हा बोलता येईल. सातबारा सासूबाईंच्या नावावर असेल तर सही त्यांचीच लागेल, तेव्हा बोलणीही त्यांच्यासमोरच होऊ द्या.